खेचराचं पदक

आधी एक विनंती करते आणि मग माझं पुराण लावते. जमिनीत काही सापडलं तर त्याला चिंच लावू नका. लिंबू नको, राख नको, आणि तारेची घासणी तर त्याच्या आसपासही नेऊ नका. वस्तू आहे तशी, मातीसकट, कोरड्या फडक्यात गुंडाळून आणा. चाळीस वर्षं मी हे प्रत्येकाला सांगत आले आणि चाळीस वर्षं लोक लखलखीत घासलेली वस्तू माझ्यापुढे ठेवून विचारत आले, "मॅडम, किती जुनं असेल हो?" आता काय सांगू? जे काही वय होतं ते तुम्ही मोरीत धुऊन टाकलंत की.

माझं काम जुनी नाणी आणि पदकं ओळखण्याचं. वडील सोनार, त्यामुळे धातूंशी ओळख शाळेच्याही आधी झाली. पुढे एका लहानशा संग्रहालयात नोकरी लागली. तिथून निवृत्त झाले आणि आता घरातच पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल मांडून बसते. टेबलावर भिंग, चुंबक, सोनाराचा काटा आणि वाटीभर बाभळीचे काटे. हो, खरेखुरे बाभळीचे काटे. सुईनं धातूवर ओरखडा उठतो, या काट्यानं उठत नाही. एका परदेशी अभ्यासकाला मी ते दाखवले तेव्हा आधी तो हसला आणि जाताना मूठभर काटे रुमालात बांधून घेऊन गेला.

मी जर्मन पदकांची जाणकार समजली जाते याचं लोकांना फार नवल वाटतं. "नाशकात कुठून आली जर्मन पदकं?" असं विचारतात. अहो, देवळालीची छावणी हाकेच्या अंतरावर. आजूबाजूच्या गावांतून दोन्ही महायुद्धांत माणसं पलटणीत गेली. कुणी आफ्रिकेत, कुणी इटलीत. जे परत आले त्यांच्या पेटीत काही ना काही होतंच. शत्रूचं घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, एखादं पदक. पण घरात ते टिकेना. सरकारला कळलं तर काय होईल, ही एक धास्ती. त्याहून मोठी धास्ती घरातल्या बाईची. कुण्या परक्या मेलेल्या माणसाची वस्तू तिला आपल्या घरात नको असायची. मग ती डब्यात घालून परसात नाहीतर बांधावर पुरून टाकायची. नातवाच्या काळात जेसीबी येतो आणि तो डबा वर काढतो.

या पदकांत सगळ्यात जास्त येतो तो लोखंडी क्रॉस. मधे काळं रंगवलेलं लोखंड आणि भोवती चांदीची चौकट. ही चौकट दोन पातळ तुकड्यांची असते, एक पुढून, एक मागून, आणि कडेला डाक देऊन दोन्ही जोडलेले असतात. भिंगातून बघितलं की कडेनं तो सांधा केसासारखा दिसतो. नकली क्रॉस बहुतेक वेळा एकाच साच्यात ओतलेला. मधे काळा रंग मारला, कडेला रुपेरी मुलामा दिला की झालं काम. शिवाय लोखंड जमिनीत गंजतं, गंजताना फुगतं आणि आतून चौकटीला रेटा देतं. नकली माल विकणारे वरून मीठपाणी मारून गंज चढवतात, पण तो आतून येत नाही. एवढं कळलं की माझं अर्धं काम तुम्हालाही येईल. उरलेलं अर्धं शिकायला मला चाळीस वर्षं लागली, आणि तरी काय झालं ते पुढे सांगते.

दुसऱ्या महायुद्धातल्या क्रॉसवर मधोमध त्यांचं ते चिन्ह असतं आणि आपल्याकडे लोक ते बघून हात जोडतात. घोटीच्या एका काकूंनी तर तो क्रॉस देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी ठेवून रोज हळदकुंकू वाहिलं होतं. हे आपलं स्वस्तिक नाही, या खुणेखाली लाखो निरपराध माणसं मारली गेली, हे त्यांना समजावून सांगताना मला घाम फुटला. काकू म्हणाल्या, "मग मी इतकी वर्षं कुणाला कुंकू लावत होते?" मी या पदकांचं कौतुक करत नाही, त्यांची फक्त ओळख पटवते. एवढं मात्र तेव्हापासून प्रत्येकाला आधीच सांगते.

आता माझ्या फजितीकडे येते. नोकरीच्या शेवटच्या दिवसांत नाशकातल्याच द्वारका चौकाजवळ जुन्या वस्तूंचं दुकान असलेला एक माणूस माझ्याकडे अकरा जर्मन पदकं घेऊन आला. नांदगावकडच्या शेतात एका जागी सापडली, म्हणाला. मी दहा पदकं एकामागून एक बाजूला काढली, नकली, नकली, नकली. अकरावं खरं ठरवलं आणि तसं लिहून दिलं. दहा खोटी ओळखल्याच्या तोऱ्यात मी अकराव्याला नीट बघितलंच नाही, आणि त्या पठ्ठ्याला तेच हवं होतं. पुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी ते पदक हौसेनं घेतलं. वर्षभर हाताळल्यावर त्याच्या कडेचा रुपेरी रंग झिजला आणि खालून लाल तांबं डोकावलं. हल्ली मुलामा देताना आधी तांब्याचा थर देतात आणि त्यावर रुपेरी. म्हणजे तांबं दिसलं की मुलामा, आणि मुलामा म्हणजे नवा माल.

मी स्वतः त्यांच्या घरी गेले आणि माझा दाखला परत मागून त्यांच्यासमोर फाडला. त्यांनी उलट चहा केला. त्या चहाचा एकेक घोट मला जड गेला. त्यानंतर कुठल्याही पदकावर जरा लालसर दिसलं की मी ते ठेवूनच द्यायची. तांब्याच्या बाबतीत मी अगदी खडूस झाले होते.

दोन वर्षांपूर्वी, पाऊस ओसरत आला होता तेव्हा, दिंडोरीकडचे एक आप्पा सुनेबरोबर माझ्याकडे आले. वय पंचाहत्तरच्या पुढे, डोक्यावर पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. सून मनीषा चाळिशीतली, चटपटीत. त्यांची द्राक्षाची बाग आहे. बागेतला जुना सिमेंटचा ओटा फोडताना खाली एक पत्र्याचा डबा निघाला होता. डब्याची पार चाळण झाली होती. आत दोन पदकं. एक लोखंडी क्रॉस आणि दुसरं अंड्याच्या आकाराचं, पातळ पत्र्याचं. जखमी झालेल्या सैनिकाला जर्मन सैन्यात असा बिल्ला देत. तो तर गंजून नुसती जाळी झाली होती.

"घासलं नाही ना?" मी आधी विचारलं.

"नाही हो मॅडम, मी हातसुद्धा लावू दिला नाही कुणाला," मनीषा म्हणाली. मला ती तिथेच आवडली.

आप्पा खुर्चीच्या कडेवर बसले होते. म्हणाले, "बाई, ह्याच्या मागं एक गोष्ट हाय. ती ऐका, मंग बघा."

त्यांचे वडील, तात्या, दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले होते, खेचरांच्या तुकडीत. डोंगरावरच्या पलटणीला दारूगोळा आणि रसद पोचवायची आणि उतरताना जखमी माणसं खाली आणायची. तात्यांच्या खेचरीचं नाव मैना. एकदा दाट धुक्यात वरच्यांनी कांबळ्यात गुंडाळलेला एक जखमी मैनेच्या पाठीवर बांधून दिला आणि तात्या त्याला घेऊन उतरले. खाली तंबूजवळ कांबळं काढलं तर आत जर्मन. त्याला मैनेवरून उतरवत होते तेव्हा त्यानं खिशातून क्रॉस काढला आणि जखमेच्या पट्टीची चिंधी फाडून तो मैनेच्या लगामाला बांधला. मग छातीवरचा बिल्ला काढून तात्यांच्या हातात ठेवला.

"तात्या म्हनायचे, चांगलं मैनेला दिलं आन हलकं मला," आप्पा म्हणाले. "आन मांडीवर थाप मारून हसायचे."

तात्या घरी आले तेव्हा आप्पांच्या आईनं ती पदकं बघून उंबऱ्यातच अडवलं. परक्या माणसाच्या रक्ताची वस्तू घरात नको. तात्यांनी डबा बांधावरच्या लिंबाखाली पुरला. पुढे तो लिंब पडला, द्राक्षासाठी जमीन सपाट झाली, बांध गेला. तात्यांनी दोन-चार ठिकाणी खणून पाहिलं पण डबा मिळाला नाही. मग कोण विश्वास ठेवतो? खेचराला पदक मिळालं म्हणे! पारावरची माणसं विचारायची, "काय तात्या, मैनेची पेन्शन आली का?" तात्याही हसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून गोष्ट सांगायचे.

इथपर्यंत आप्पा नीट बोलत होते. मनीषानं त्यांच्याकडे पाहिलं आणि पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"माझ्या सोयरिकीला पाव्हने आलते," ते म्हणाले. "तात्यांनी मैनेची गोष्ट काढली. पाव्हने एकमेकाकडं बघून हसाया लागले. मला लय लाज वाटली. मी समद्यांच्या म्होरं बोललो, तात्या, पुरं करा आता ह्या थापा. पदक कुनी खिशात ठेवतं का? पदक छातीवर असतं. लबाडी करायची तर जरा नीट तरी करा."

"मग?"

"मंग काय. तात्या उठून गोठ्यात गेले. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं जगले, पन मैनेचं नाव काढलं नाय त्यांनी. कुनी पारावर चिडवलं तरी नाय." त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "बाई, मला ह्याचं काय करायचं नाय. माझा बाप लबाड व्हता का नव्हता, एवढंच सांगा."

अशी माणसं समोर बसली की माझा हात उगाच घाईला येतो. मी चुंबक लावला, चिकटला. पण हल्लीचे नकलीही लोखंडाचेच करतात. भिंग लावलं. काळा रंग जिथे जिथे उडाला होता तिथे खाली लालसर चमक. चौकटीवर निळ्या-हिरव्या खपल्या, इतक्या घट्ट की सांधा आहे की नाही तेही दिसेना. एका टोकाला खपली सुटली होती, तिथेही लाल. तांबं. मला मुख्याध्यापकांकडचा तो चहा आठवला.

दहा मिनिटांत मी निकाल दिला. "आप्पा, हे नवं आहे. लोखंडावर तांब्याचा मुलामा. फार तर तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं असेल."

त्यांना वाईट वाटेल एवढीच माझी कल्पना होती. पण आप्पा बोटांवर वर्षं मोजायला लागले.

"तीस-चाळीस. म्हंजी तवा तात्या व्हते."

"हो, असतील."

"म्हंजी मी लबाड म्हनलो म्हनून त्यांनी कुठून तरी हे इकत आनलं. आन आपल्याच रानात पुरलं. कवातरी मला सापडावं म्हनून."

माझ्या एका वाक्यातून या माणसानं बापाची अख्खी केविलवाणी म्हातारपणाची गोष्ट डोळ्यांपुढे उभी केली होती, आणि तिचा अपराधी स्वतःला ठरवलं होतं. तसंच असेल असं नाही, दुसऱ्या कुणी पुरलं असेल, असं मी काहीबाही बोलले. आप्पांनी ऐकलं नाही. निघताना डबा उचलला नाही. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," एवढंच म्हणाले.

तीन आठवड्यांनी मनीषाचा फोन आला. "मॅडम, आप्पा नीट जेवत नाहीत हो. बोलतही नाहीत. घराच्या ओट्यावर बसून राहतात. मी एक मागू का तुमच्याकडं? तुम्ही येऊन सांगा ना, नीट तपासलं, खरं निघालं म्हणून. कुणाला कळणारे? आम्हाला काही विकायचं नाही."

मी म्हटलं, "मी येते." बाकी काहीच कबूल केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा पिशवीत घालून मी बस धरली. खरं सांगायचं तर बसमध्ये मी दोन्ही वाक्यं मनात म्हणून बघत होते. एक खरं, एक खोटं. खोटं वाक्य जिभेवर फार सहज बसत होतं. ज्या बाईनं एका चुकीच्या दाखल्यापायी लोकांच्या घरी जाऊन कागद फाडला, ती आज जाणूनबुजून खोटं बोलणार होती की काय? पण त्या म्हाताऱ्यापुढे माझ्या दाखल्याची किंमत ती काय! दिंडोरी आली तरी माझं काही ठरलं नव्हतं. स्टँडवरून मनीषानं स्कूटीवर घेतलं.

बागेत छाटणी झाली होती आणि फवारणीची तयारी चालली होती. आप्पा घराच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. मला बघून त्यांनी नुसते हात जोडले आणि पुन्हा समोर बघायला लागले. माझे पाय तिकडे वळेनात. मी "आलेच" म्हणून मनीषाच्या मागोमाग औषध कालवायच्या जागेकडे गेले. अवघड काम लांबवायला माणसाला काहीही निमित्त पुरतं.

तिथे तीन निळे पिंप होते. एकात मोरचूद भिजवलेला, निळाशार. दुसऱ्यात चुन्याची निवळी. दोन्ही तिसऱ्यात ओतून बोर्डो करतात, द्राक्षावर मारायला. मनीषानं ते ढवळलं आणि कुडाला खोचलेला विळा काढून त्याचं पातं पिंपात बुडवलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"चुना पुरेसा पडला का बघायला. कमी पडला तर पानं जळतात ना." तिनं विळा बाहेर काढून उन्हात धरला. "हे बघा, लाल झाला. अजून चुना लागणार."

मी त्या विळ्याकडे बघत राहिले. पात्यावर लालसर चमक होती, मोरचुदातल्या तांब्याची. मी ती भिंगातून दहा मिनिटं बघितली होती, तीन आठवड्यांपूर्वी, माझ्या टेबलावर.

आणि मग मला माझे वडील आठवले आणि मी तिथेच कपाळावर हात मारून घेतला. मी आठ-नऊ वर्षांची असताना दुकानात लुडबुड करताना तेजाबाच्या पाण्यात पडलेली चांदीची जोडवी लोखंडी चिमट्यानं काढायला गेले होते. जोडवी लाल झाली. वडील इतके ओरडले की शेजारचे धावत आले. त्या पाण्यात आधीच्या कामाचं तांबं विरघळलेलं असतं. लोखंड त्यात बुडालं की ते तांबं लोखंडावर येऊन बसतं, आणि लोखंडाला चांदी टेकलेली असेल तर तिच्यावरही बसतं. सोनाराच्या घरातल्या पोराला हे बाराखडीबरोबर शिकवतात. मला शिकवलं होतं. मी विसरले होते, तोऱ्यात आणि भीतीत.

"मनीषा, डबा नक्की कुठे सापडला?"

"इथंच की. आपण उभ्या आहोत तिथं जुना ओटा होता. त्याच्यावर मोरचुदाचा पिंप असायचा. ओट्याला मोठी चीर गेली होती, म्हणून तर फोडला."

"किती वर्षं?"

"मी लग्न होऊन आले तेव्हा होता. त्याच्या आधीपासून आप्पा स्वतः करायचे."

मी तिथेच एका उलट्या घमेल्यावर बसले. पिशवीतून भिंग आणि बाभळीचा काटा काढला. मनीषानं प्यायच्या पाण्याची कळशी आणली. एकेक थेंब टाकत मी खपली मऊ करत गेले. मुलाम्याचं तांबं रंगाच्या खाली असतं. हे तांबं रंगाच्या खाली नव्हतंच. ते रंग उडालेल्या जागी होतं, गंजाच्या खड्ड्यांत उतरलेलं होतं, म्हणजे गंज आधी आणि तांबं नंतर. एवढी साधी गोष्ट. कडेची खपली निघाली आणि खाली पांढरी चांदी दिसली. चांदीच्या मधोमध केसासारखी रेघ. सांधा. आतलं लोखंड फुगून एका बाजूनं तो किंचित उकलला होता. वरच्या कडीवर बनवणाऱ्याचा बारीक आकडासुद्धा होता.

माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू. खोटं बोलायचं की नाही हा प्रश्नच उरला नव्हता. मी मनीषाचा चुन्यानं माखलेला हात धरला आणि म्हटलं, "खरं आहे गं. अगदी खरं आहे." ती माझ्या तोंडाकडे संशयानं बघायला लागली. मी तिच्या सांगण्यावरून नाटक करतेय असं तिला वाटलं होतं. तिला भिंगातून सांधा दाखवला तेव्हा कुठे पटलं, आणि मग ती आप्पांना हाका मारत ओट्याकडे पळाली.

आप्पांना मी सगळं सावकाश सांगितलं. आधी माझी चूक सांगितली, मग मोरचूद, मग विळा. विळ्याचं नाव काढताच ते ताठ बसले. आयुष्यभर त्यांनी तो विळा बुडवला होता. त्यांना जास्त समजवावं लागलं नाही.

"म्हंजी मीच वरून मोरचूद सांडत व्हतो," ते म्हणाले. "तात्याच्या डब्यावर."

"अजून एक आहे आप्पा. हा क्रॉस खालच्या वर्गाचा. तो मिळाला की एक दिवस छातीवर लावत आणि पुढे त्याची नुसती फीत कोटाच्या काजात ओवून ठेवत. क्रॉस काढून खिशात नाहीतर पेटीत ठेवायचा, अशीच त्यांची रीत होती."

"खिशात?"

"खिशात."

"पुन्यांदा सांगा," आप्पा म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते हसायला लागले, आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. मनीषाला वाटलं ठसका लागला. "मैनेची पेन्शन," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं आणि मग डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते त्यांनी पुसलंही नाही. मी माफी मागायला लागले तेव्हा हातानंच थांबवलं. "तुमची चूक तीन आठवड्याची, बाई. माझी पन्नास वर्षांची हाय." मनीषानं पिठलं-भाकरी आणली. आप्पा दोन भाकरी जेवले. मीही जेवले, आणि मुख्याध्यापकांकडच्या त्या चहानंतर कुणाच्या घरी इतकं हलक्या मनानं पहिल्यांदाच जेवले.

जेवण झाल्यावर मी दाखला लिहायला बसले. माझ्या दाखल्यात ठरलेले रकाने असतात. वस्तू, धातू, वजन, काळ, कुठे सापडली. शेवटचा रकाना पूर्वीच्या मालकाचा. तिथे मी बहुतेक वेळा 'अज्ञात' लिहिते.

आप्पा शेजारी बसून वाचत होते. "तिथं अज्ञात नगं," ते म्हणाले. "क्रॉसच्या म्होरं मैना लिहा. बिल्ल्याच्या म्होरं तात्या."

"आप्पा, वस्तू खरी आहे हे मी छातीठोक सांगते. पण धुक्यात काय झालं ते मी बघितलेलं नाही. ती हकीकत मी माझ्या नावावर लिहू शकत नाही."

"मंग कसं लिव्हायचं?"

"कुणाच्या तरी सांगण्यावरून, असं लिहिता येतं. पण त्या माणसाला खाली सही करावी लागते. ही हकीकत खरी आहे असं मी सांगतो, म्हणून."

आप्पांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "लिव्हा. मी सांगतो."

मी लिहिलं. क्रॉस, मैना नावाच्या खेचरीस मिळालेला. बिल्ला, तिला हाताळणाऱ्या तात्यांस. चाळीस वर्षांत जनावराचं नाव मी पहिल्यांदाच त्या रकान्यात लिहीत होते, आणि माझं अक्षर जरा वाकडंच आलं. कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी धोतराला हात पुसले, पेन घेतलं आणि आधी रामनाथ लिहिलं. मग हात थांबला. बँकेत, सोसायटीत ते वडिलांच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर टाकतात, हे मला मनीषानं नंतर सांगितलं. त्या दिवशी त्यांनी एकेक अक्षर लावून सखाराम हे नाव पूर्ण लिहिलं.